टॉर्च पुन्हापुन्हा बंद पडते: बिघाड कसा शोधायचा आणि कारखान्याच्या कामासाठी स्वस्त, टिकाऊ टॉर्च कशी निवडायची

नागपूरची हिंगणा एमआयडीसी असो की बुटीबोरी, कोणत्याही कारखान्याच्या मेंटेनन्स स्टोअरमध्ये गेलात तर एका कोपऱ्यात बंद टॉर्चचा खोका सापडतोच. सगळ्या चार-सहा महिन्यांतल्या. नव्या असताना झकास उजेड, मग मंद, मग ठोकल्यावर लागणाऱ्या आणि शेवटी ठोकूनही न लागणाऱ्या. त्यानंतर पुन्हा इंडेंट (मागणीपत्र), पुन्हा तीच टॉर्च, पुन्हा तोच खोका. टॉर्च वाटणं आणि परत आलेल्या टॉर्च बघणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं एवढंच आहे की नवी घेण्याआधी जुनी उघडून बघा. ती कशाने गेली हे कळलं की नवी कोणती घ्यायची हे निम्मं ठरतं. टॉर्चमधला एलईडी सहसा जात नाही. जाते ती बॅटरी, चार्जिंगचं सर्किट, बटण, स्प्रिंग, नाहीतर रबरी रिंग. आणि खरेदीच्या वेळी यातलं काहीच कोणी बघत नाही, फक्त उजेड किती लांब पडतो तेवढं बघतात.

रात्रभर चार्ज केली, दहा मिनिटांत मंद झाली

सर्वांत जास्त तक्रार हीच. मागून दोन पिना बाहेर काढून थेट सॉकेटमध्ये खोचायची प्लॅस्टिकची टॉर्च आपल्याकडे भरपूर खपते. स्वस्त मिळते आणि वेगळा चार्जर सांभाळावा लागत नाही. तिच्या पोटात बहुतेक वेळा ४ व्होल्टची छोटी लेड-ॲसिड बॅटरी असते, गाडीच्या बॅटरीच्याच जातीची. या बॅटरीला रिकामं पडून राहणं सहन होत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी काही आठवडे तशीच राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे बसतात. मग कितीही चार्ज करा, ते पूर्ण निघत नाहीत आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते.

आता आपल्याकडे काय होतं ते बघा. रात्रपाळीत टॉर्च वापरली, पहाटे मंद झाली, लॉकरमध्ये गेली. पुढच्या आठवड्यात पाळी बदलली, दिवसा टॉर्च लागली नाही. पुन्हा रात्रपाळी आली तेव्हा ती उतरलेल्या अवस्थेत पंधरा दिवस काढून बसलेली असते. असं चार-पाच वेळा झालं की संपली.

याच्या उलट चूक तितकीच नेहमीची आहे. शनिवारी संध्याकाळी चार्जिंगला लावली ती सोमवारी सकाळी काढली. स्वस्त टॉर्चमध्ये चार्ज पूर्ण झाल्यावर करंट तोडणारं सर्किट नसतं. लाल दिवा लागलेला दिसतो, पण तो फक्त लाइट येते आहे एवढंच सांगतो, बॅटरी भरली की नाही हे सांगत नाही. भरलेल्या बॅटरीत करंट जातच राहिला की आतलं पाणी वायू होऊन उडून जातं. बॅटरी सुकते, कधी कधी फुगून खोळीला तडा देते. वर आपला उन्हाळा. लेड-ॲसिड बॅटरीचं तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं, हा बॅटरीच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. आणि तो मोजला जातो २५ अंशांपासून. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, टिनाच्या शेडमध्ये चार्जिंगला लावलेल्या टॉर्चचं काय होत असेल ते यावरून समजा.

तपासायला मल्टिमीटर पुरे. चार्जिंगवरून काढून तासभर तशीच ठेवा आणि मग बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. चांगली बॅटरी ४.२ व्होल्टच्या आसपास दाखवते. मग टॉर्च लावून पुन्हा बघा. लावताक्षणी आकडा ३.६ च्या खाली घसरला तर बॅटरी संपली आहे, चार्जरला दोष देऊ नका. उलट एक तासानंतर टॉर्च बंद असतानाच आकडा चारच्या बराच खाली असेल तर दोन शक्यता आहेत: चार्जिंगच आत पोहोचत नाही, किंवा बॅटरीतला एक कप्पा गेला आहे. दुसऱ्या चांगल्या बॅटरीवर तोच चार्जर चालतो का ते बघितलं की उलगडा होतो.

एक गोष्ट मात्र फार गांभीर्याने सांगतो. या टॉर्चच्या चार्जिंग सर्किटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. कपॅसिटरने करंट कमी केलेला असतो, म्हणजे आतली प्रत्येक तार सॉकेटमध्ये असताना थेट २३० व्होल्टशी जोडलेली असते. खोळ फुटली, चिकटपट्टी गुंडाळली आणि तशीच चार्जिंगला लावली, हे मी अनेक ठिकाणी बघतो. ओल्या हाताने त्या फटीतून आतल्या पत्र्याला बोट लागलं तर शॉक मेन लाइनचा बसतो. खोळीला तडा गेलेली प्लगवाली टॉर्च दुरुस्त करायची नाही, वापरायची नाही. चार्जिंगला असताना उघडायची तर मुळीच नाही.

ठोकल्यावर लागते, हलवल्यावर विझते

हा बिघाड जवळजवळ नेहमीच जोडाचा असतो आणि घरच्या घरी दुरुस्त होतो. आधी मागचं झाकण काढा. झाकणातली स्प्रिंग, सेलचं तळ आणि नळीची मागची कड या तीन जागांवरून करंट जातो. स्प्रिंग काळी पडली असेल, नळीच्या कडेवर राख किंवा ग्रीसचा थर असेल तर तिथेच अडतं. कोऱ्या चिंधीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर घेऊन तिन्ही जागा पुसा. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने. ॲल्युमिनियमच्या टॉर्चचा काळा रंग हा थरच करंट अडवणारा असतो, म्हणून नळीची मागची कड बहुधा रंगाशिवाय, चकचकीत ठेवलेली असते. ती चकचकीत दिसली पाहिजे.

एवढं करूनही लागली नाही तर बटणाची परीक्षा घ्या. झाकण बाजूला ठेवा, सेल आतच राहू द्या, आणि सेलच्या तळाला व नळीच्या उघड्या कडेला एकाच वेळी टेकेल असा तारेचा छोटा तुकडा लावा. टॉर्च लागली तर एलईडी आणि सेल ठणठणीत आहेत, बटण गेलं आहे. नाही लागली तर दोष सेलमध्ये किंवा पुढच्या बाजूला आहे. बटणाच्या आत बहुतेक वेळा पितळी आट्यांची एक रिंग असते, तिला समोरासमोर दोन खाचा असतात. ठोकर खाऊन ती रिंग अर्धा फेरा सैल झालेली असते. टोकदार चिमट्याची दोन टोकं त्या खाचांमध्ये घालून घट्ट फिरवली की कितीतरी ‘मेलेल्या’ टॉर्च तिथेच लागतात. खोक्यातल्या टॉर्चवर आधी हेच करून बघा.

तीन छोटे सेल एका गोल प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात बसवायचे असतात अशा टॉर्चमध्ये मात्र हा त्रास पुन्हापुन्हा येणारच. त्या पिंजऱ्यात सहा जोड असतात, पातळ पत्र्याचे. क्रशर, कन्व्हेयर, कॉम्प्रेसर असल्या थरथरणाऱ्या जागी ते टिकत नाहीत. घरी लाइट गेल्यावर वापरायला ठीक आहे, प्लांटमध्ये तीन सेलवाला पिंजरा घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीची लक्षणं, थोडक्यात

सेलच्या जागी पांढरी किंवा हिरवट पावडर दिसली तर सेल गळले आहेत. अल्कलाइन सेलमधून जे गळतं ते अल्कली असतं, म्हणून हातमोजे घालून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसायचं, मग ओल्या फडक्याने, मग पूर्ण कोरडं. स्प्रिंग खाल्ली गेली नसेल तर टॉर्च वाचते. असं होण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे एक नवा आणि एक जुना सेल एकत्र घालणं. जुना आधी रिकामा होतो, नवा त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलतो आणि तो फुटतो. सेल बदलायचे तर सगळे एकदम, एकाच जातीचे.

काचेच्या आतून वाफ धरली तर रबरी रिंग कोरडी पडली आहे किंवा तिच्यात कचरा अडकला आहे. पावसाळ्यात एसी कंट्रोल रूममधून बाहेरच्या दमट हवेत आल्यावरही क्षणभर धुकं येतं, पण ते बाहेरून असतं, बोटाने पुसलं जातं. आतून असेल तर दोन्ही टोकं उघडून सावलीत वाळवा, रिंग काढून धुवा आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. बेअरिंगचं ग्रीस लावू नका, काही रबर त्याने फुगतात.

उजेड निळसर आणि मलूल झाला असेल तर एलईडी भाजला आहे. ती टॉर्च सोडून द्या.

आणि लावल्यावर लख्ख, पाच मिनिटांनी जरा कमी, मग तासन्‌तास तसाच स्थिर उजेड, हा बिघाड नव्हे. चांगल्या टॉर्चचं सर्किट तापमान वाढलं की मुद्दाम उजेड उतरवतं. परत करायला आणलेल्या टॉर्चमध्ये अशाही असतात.

दुकानात कशाकडे बघायचं

बर्डीवर किंवा इतवारीत टॉर्च मागितली की दुकानदार ती रस्त्यापलीकडच्या भिंतीवर मारून दाखवतो. “भाऊ, पाच किलोमीटर जाते.” खोक्यावर दहा हजार लुमेन (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) छापलेलं असतं. त्या आकड्याची शहानिशा करायला एक साधा हिशेब आहे आणि तो पाठ करून ठेवण्यासारखा आहे.

१८६५० हा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब लिथियम-आयन सेल, खरा ३००० एमएएचचा (एमएएच म्हणजे सेलच्या क्षमतेचं माप) असेल तर त्यात सुमारे ११ वॉट-तास ऊर्जा असते. टॉर्चमध्ये एका वॉटला साधारण १०० लुमेन उजेड धरा. म्हणजे एका सेलमध्ये सगळा मिळून हजार-अकराशे ‘लुमेन-तास’ आहेत. १००० लुमेनवर एक तास, २०० वर पाच तास, १०० वर दहा तास. ४ व्होल्ट ९०० एमएएचच्या लेड-ॲसिडमध्ये याचा तिसरा हिस्सा. दोन एए आकाराच्या चांगल्या रिचार्जेबल सेलमध्ये चारशे-साडेचारशे. एका सेलवर दहा हजार लुमेन तासभर चालणार असं कोणी म्हणत असेल तर ती ऊर्जा येणार कुठून, हे विचारा.

सेलवरही तसंच. १८६५० आकारात आज बाजारात मिळणारे चांगले सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपास थांबतात. ‘९९००’ छापलेला सेल खोटा आहे. तो हातात घ्या. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. सोनाराचा काटा नको, किराणा दुकानातला डिजिटल काटाही पुरतो. बराच हलका भरला तर आत काय आहे देव जाणे. आपल्याकडे रिचार्जेबल सेलला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी लागते, सेलवर किंवा वेष्टनावर आयएस १६०४६ आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक शोधा. सुटे लिथियम सेल खिशात किल्ल्यांसोबत टाकू नका, दोन टोकं धातूने जोडली गेली तर खिशातच पेट घेऊ शकतो.

काही टॉर्चच्या खोक्यावर एएनएसआय एफएल १ (टॉर्चसाठीचं अमेरिकी मानक) असा उल्लेख असतो. हे मोजमाप २००९ पासून आहे आणि त्यात प्रत्येक आकड्याची व्याख्या ठरलेली आहे. किती तास चालते याचा अर्थ उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचे तास. किती लांब जाते याचा अर्थ जिथे ०.२५ लक्स उजेड उरतो ते अंतर, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका. म्हणून खोक्यावर २०० मीटर असेल तर काम करण्याजोगं अंतर ७०-१०० मीटर धरा. पडण्याची चाचणी किमान १ मीटरवरून काँक्रीटवर घेतात. हे आकडे छापणारा निदान मोजून छापतो, एवढा भरवसा त्यातून मिळतो.

धूळ-पाण्यासाठी आयपी आकडा बघा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ अजिबात शिरत नाही. पाण्याच्या बाजूने ४ म्हणजे शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याचा झोत, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. ‘आयपीएक्स४’ लिहिलं असेल तर धुळीची बाजू सांगितलेलीच नाही. कोराडी किंवा खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कोळसा हाताळणीच्या पट्ट्यावर किंवा राखेच्या कामावर जाणाऱ्या माणसाला पाण्यापेक्षा राखेचा त्रास जास्त. ती राख पावडरीसारखी बारीक असते आणि आट्यांमध्ये शिरून रबर घासते. तिथे आयपी ६५ च्या खाली घेऊ नका. आणि डोकं पुढे-मागे सरकवून झोत लहान-मोठा करायची ‘झूम’ टॉर्च तिथे नकोच. दर वेळी डोकं ओढलं की ती हवा आत ओढते आणि हवेसोबत धूळ.

हातात घेतल्यावर करायच्या गोष्टी: हलवून बघा, आत काही खुळखुळायला नको. मागचं झाकण उघडा, स्प्रिंग जाड आहे का, रबरी रिंग बसलेली आहे का, आटे चौकोनी आणि स्वच्छ कापलेले आहेत का ते बघा. दहा मिनिटं पूर्ण उजेडावर लावून हातात धरा. धातूच्या, जोरदार टॉर्चची नळी कोमट व्हायलाच हवी. उष्णता बाहेर येते आहे याची ती खूण. नळी गार आणि काच मात्र गरम असेल तर एलईडी आतल्या आत भाजतो आहे. सर्वांत महत्त्वाचं, सेल बाहेर काढता येतो का आणि तो ठरावीक आकाराचा आहे का. सेल आत चिकटवून बंद केलेली टॉर्च कितीही सुंदर असली तरी सेल गेला की अख्खी टॉर्च गेली.

कोणाला कोणती

पॅनलवर काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला लांब झोत नको. दोन हातांच्या अंतरात पसरलेला, दीडशे-दोनशे लुमेनचा उजेड हवा आणि रंग खरे दिसायला हवेत. निळसर पांढऱ्या उजेडात पिवळी आणि पांढरी, तपकिरी आणि लाल वायर गोंधळात टाकतात. आर-वाय-बी (लाल-पिवळा-निळा) फेज ओळखण्याच्या कामात असा गोंधळ परवडत नाही. म्हणून ४००० ते ५००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० च्या वरचा एलईडी मागा. त्याच्या टॉर्चची बाहेरची खोळ प्लॅस्टिक किंवा रबराची असू द्या. उघड्या बसबारजवळ (पॅनलमधल्या वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांजवळ) हातातून निसटलेली ॲल्युमिनियमची टॉर्च दोन फेजच्या मध्ये पडली तर पुढचं सांगायला नको.

फिटरला दोन्ही हात मोकळे लागतात, त्याला डोक्याला बांधायचा हेडलॅम्प द्या, हेल्मेटवर बसणाऱ्या क्लिपसह. हेल्मेटला भोक पाडून बसवू नका, हेल्मेटची ताकद तिथेच जाते. उंचीवर चढणाऱ्याच्या टॉर्चला मनगटाची दोरी हवीच. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर तीच पडते.

गेटवरच्या आणि आवाराच्या गस्तीला लांब झोताची टॉर्च ठीक. हेल्पर, गोडाऊनवाले, ड्रायव्हर यांच्यासाठी मला सर्वांत पटलेला पर्याय म्हणजे दोन एए सेलची साधी, एका बटणाची टॉर्च आणि त्यात निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल. कमी आपोआप-उतरणाऱ्या जातीचे घेतले तर वर्षभर ठेवूनही बरीच चार्जिंग शिल्लक राहते. सेल चार्ज करायचा विसरला तरी कोणत्याही पानठेल्यावर, किराण्यात साधे सेल मिळतात आणि काम थांबत नाही. लिथियमचा धोका नाही. उजेड फार नाही, पण चालायला, नंबर वाचायला, गोणी मोजायला पुरून उरतो.

पैशाचं बोलायचं तर समजा २५० रुपयांची प्लगवाली टॉर्च चार महिन्यांत जाते. वर्षाला ७५०, तीन वर्षांत २२५०. समजा ८०० ची, सेल बदलता येणारी टॉर्च घेतली आणि तीन वर्षांत एकदा ३५० चा सेल बदलला. ११५० झाले. तुमच्या प्लांटचे आकडे घालून हा हिशेब परचेसवाल्यांसमोर ठेवा. नुसतं ‘चांगली टॉर्च हवी’ म्हटलं की सही होत नाही, कागदावर मांडलं की होते.

जिथे यातली एकही टॉर्च चालत नाही

वर सांगितलेली कोणतीही टॉर्च, कितीही महाग असली तरी, जिथे पेट घेणारा वायू, वाफ किंवा धूळ असू शकते तिथे न्यायची नाही. बटण दाबताना आत ठिणगी उडते, पडून फुटली तर सेलचा शॉर्ट होतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की एवढी ठिणगी स्फोटाला पुरते. सॉल्व्हंटची टाकी, पेंट बूथ, एलपीजी भरण्याची जागा, स्फोटकांचा कारखाना, ही ठिकाणं सगळ्यांना कळतात. डाळ मिलचा बंद कोठा किंवा कापसाच्या जिनिंगमधली तरंगती धूळ पटकन लक्षात येत नाही, पण ती धूळही पेट घेते.

अशा जागेसाठीची टॉर्च वेगळ्या बनावटीची असते. तिच्यावर ‘एक्स’ (Ex) खूण, संरक्षणाचा प्रकार, वायूचा गट आणि तापमान वर्ग कोरलेला असतो. टी४ म्हणजे तिचा पृष्ठभाग १३५ अंशांवर जाणार नाही. कोणता झोन (धोका किती वेळा संभवतो त्याची वर्गवारी) आहे आणि कोणता वायू आहे हे तुमच्या सेफ्टी ऑफिसरकडून लिहून घ्या आणि त्याला जुळणारीच मागवा. अशा उपकरणांना मान्यता देणाऱ्या पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. विक्रेत्याकडून प्रमाणपत्राची प्रत मागा आणि टॉर्चवरचा मॉडेल नंबर त्याच्याशी ताडून बघा. सावनेर भागातल्या भूमिगत कोळसा खाणींचं तर विचारायलाच नको. तिथे लॅम्परूममधून मिळतो तोच मान्यताप्राप्त कॅप लॅम्प. स्वतःची टॉर्च वर ठेवून जायचं. एक्स टॉर्चचे सेलही धोक्याच्या जागेबाहेर येऊनच बदलायचे.

आणि मोबाइलची टॉर्च. टाकीच्या मॅनहोलमधून वाकून मोबाइलच्या उजेडात आत बघणारा माणूस मला दिसला की जीव खालीवर होतो. तो फोन स्फोटरोधक नाही, हातातून निसटला तर काढायला तोच माणूस आत उतरतो, आणि आत ऑक्सिजन आहे की नाही हे कोणी बघितलेलं नसतं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये या विषयासाठी ३६-अ हे वेगळं कलम होतं: टाकी, खड्डा, पाइप अशा बंदिस्त जागेत पुरेशा सुरक्षा साधनांशिवाय २४ व्होल्टच्या वरचा हातदिवा नको, आणि ज्वालाग्राही वायू, वाफ किंवा धूळ असण्याची शक्यता असेल तर फ्लेमप्रूफ (ज्वालारोधक) दिव्याशिवाय दुसरा दिवाच नको. माणसं मोबाइल वापरतात कारण त्यांच्या हातात दुसरं काही दिलेलं नसतं. कायम कामगाराला स्टोअरमधून टॉर्च मिळते. त्याच्याच शेजारी काम करणारा कंत्राटी कामगार फुटपाथवरून शंभर रुपयांची घेतो किंवा फोन काढतो. टॉर्चची यादी करताना त्याचं नाव त्यात घाला. अंधार दोघांना सारखाच आहे.

आणल्यावर टिकवायची कशी

सगळ्यांची मिळून एक टॉर्च, ही टॉर्च सर्वांत लवकर जाते, कारण चार्ज करणं कोणाचंच काम नसतं. प्रत्येक टॉर्चवर नंबर टाका आणि ती एका माणसाच्या नावावर द्या. ते शक्य नसेल तर पाळी संपताना टॉर्च स्टोअरमध्ये परत, तिथे ठरलेल्या टेबलावर चार्जिंग, असा नियम करा.

चार्जिंगचं टेबल सावलीत, हवेशीर खोलीत हवं. लिथियम सेल साधारण ० ते ४५ अंशांतच चार्ज करायचे असतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सावलीतच पारा ४५ च्या घरात असतो, मग टिनाखाली किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर काय होणार. दुपारी चार्जिंग नकोच, कूलर असलेल्या खोलीत रात्री लावा. गरम झालेली टॉर्च आधी गार होऊ द्या. फुगलेला, खोळ फाटलेला लिथियम सेल पुन्हा चार्जरमध्ये घालू नका. ज्यांच्याकडे अजून लेड-ॲसिडवाल्या टॉर्च आहेत त्यांनी वापर झाला की त्याच दिवशी चार्ज करावी, चार्जिंगचे तास खोक्यावर असतील तेवढेच, आणि पडून असलेली टॉर्च महिन्यातून एकदा. साध्या सेलच्या टॉर्च शटडाऊनच्या काळात सेल काढून ठेवा.

इंडेंटमध्ये ‘एलईडी टॉर्च, उत्तम प्रतीची’ एवढंच लिहिलं तर सर्वांत स्वस्त तीच येणार. असं लिहा: सेल काढता येणारा, आकार १८६५० किंवा एए, उजेड २०० लुमेनवर किमान चार तास, एफएल १ प्रमाणे, आयपी ६५ किंवा वर, १ मीटरवरून पडण्याची चाचणी, डोकं न सरकणारं, सुटं बटण आणि रबरी रिंग मिळण्याची हमी, सेलवर बीआयएस नोंदणी. हे चार तास फक्त १८६५० वाल्या टॉर्चला जमतात, एए वाल्यांसाठी १०० लुमेनवर चार तास अशी वेगळी ओळ टाका. आधी नमुना म्हणून दोनच मागवा, सर्वांत धुळीच्या जागी काम करणाऱ्या दोघांना एक महिना द्या आणि मगच बाकीची ऑर्डर सोडा.

खोक्यातल्या जुन्या टॉर्चमधून आधी बॅटरी वेगळ्या काढा. लेड-ॲसिड बॅटरी भंगारात टाकू नका, अधिकृत बॅटरी रिसायकलरकडे द्या. लिथियम सेलच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून तेही अधिकृत बॅटरी रिसायकलरकडेच द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटरी गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा मोठी ऑर्डर देतानाच जुन्या परत घेण्याचं विक्रेत्याकडून लिहून घ्या.